साहेबांची सुंता आणि मामांचा दात

तीर्थस्वरूप मामांस,

कमरेत उसण भरलेल्या भाच्याचा जमेल तितका वाकून नमस्कार. (साष्टांग घातला असता, पण मग उठवायला शेजाऱ्यांना बोलवावं लागलं असतं. उसण कशी भरली ते पुढे येईलच.) तुमचा रक्तदाब कसा आहे? गोळ्या घेता, की नुसत्या डबीत नीट लावून ठेवता? मामींचा खोकला गेला का? आईचा गुडघा काय म्हणतो? हे सगळं मी अगदी मनापासून विचारतो आहे, पण उत्तरं सावकाश आली तरी चालतील. आधी एक करा. आलेलं पत्र तुम्ही जेवणाच्या टेबलाशी उभे राहून हातवारे करत घरादाराला वाचून दाखवता. हे तसं वाचायचं नाही. सुरुवात केलीच असेल तर इथे थांबा, "पुढे सगळं हवापाण्याचं आहे" म्हणा आणि गच्चीवर जा. आई सध्या तुमच्याकडे आहे, आणि यातली पुढची दोन वाक्यं तिच्या कानावर गेली तर ती गुडघ्यासकट तडक इकडे निघेल. फोनच करणार होतो, पण तुमच्या घरी फोन आई उचलते, आणि तुमच्या हातात आलाच तर तुम्ही समोरच्याचं प्रत्येक वाक्य खात्री करून घ्यायला मोठ्याने परत म्हणता.

तर प्रश्न साहेबांचा आहे. साहेब म्हणजे आमचे चिरंजीव. अजून नाव ठरलेलं नाही, पण ते हुकूम सोडतात, कामाच्या वेळी झोपतात आणि झालेल्या कामाबद्दल कुणाचे आभार मानत नाहीत, म्हणून तूर्त साहेब. वजन चांगलं आहे, आवाज त्याहून चांगला. आणि त्यांची सुंता करायची आहे. (लिहिला एकदाचा शब्द. मध्ये उठून पाणी पिऊन आलो.) तुमच्या भाचेसुनेच्या घरात पिढ्यानपिढ्या सगळ्या पुरुषांची झालेली आहे, आणि आपल्या घरात कुणाचीच नाही. त्यांच्या मते आपलं काम अर्धवट राहिलं आहे, आपल्या मते त्यांनी उगाच वाढवून ठेवलं आहे. लग्नाच्या वेळी दोन्हीकडच्यांनी किती बोलणी केली! राहायचं कुठे, आडनाव कुणाचं, हिची शिलाई यंत्रं कुठे ठेवायची आणि माझी हत्यारं कुठे. एवढा एकच विषय कुणाच्या डोक्यात आला नाही. पुढे दिवस गेले तेव्हाही नाही, कारण मुलगीच होणार याबद्दल दोन्ही घरांचं एकमत होतं. दोन्ही घरांचं एकमत झालेली ती पहिलीच गोष्ट, आणि तीही चुकली.

सासरे शिंपी आहेत हे तुम्हाला माहीत आहे. (त्यावर सुचतील ते सगळे विनोद माझे मनातल्या मनात करून झाले आहेत, तुम्ही नवे पाठवू नका.) माणूस लाखात एक, शिलाई सरळ, बोलणं कमी. पण त्यांना काही महत्त्वाचं बोलायचं असलं की ते माणसाला दुकानात बोलावतात, स्टुलावर उभं करतात आणि माप घ्यायला लागतात. माझ्या लग्नाला होकारसुद्धा त्यांनी माझ्या खांद्याचं माप घेताना दिला होता. यावेळी त्यांनी पँट शिवायला काढली. टेप पायाच्या आतल्या बाजूने वर येत येत जिथे थांबायची तिथे थांबली, आणि तोंडातल्या टाचण्यांमधून ते म्हणाले, "बाळाचं उरकून टाकू ना? डॉक्टरांकडे दिवस घेतो." मामा, त्या स्टुलावर त्या स्थितीत उभा असलेला माणूस राहतं घर लिहून देईल. मी "तुम्ही म्हणाल तसं" म्हणालो. त्यांचा चेहरा इतका फुलला की पँटला त्यांनी आपण होऊन एक चोरखिसा लावला. आता ती पँट घातली की मला तो खिसा टोचतो.

घरी येऊन हिला सांगितलं तर ही "बरं" म्हणाली आणि साहेबांच्या दुपट्याची घडी घालत राहिली. नुसतं "बरं". त्यात होकार किती आणि नकार किती हे ओळखायला अजून बरीच वर्षं संसार करावा लागेल. मी म्हटलं हिच्या माहेरची रीत आहे, हिला हवंच असणार, आपण कशाला वाकड्यात शिरा. पण तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. परवा एका इमारतीची लिफ्ट तपासून "ठणठणीत आहे" असं सांगून आलो, आणि खाली आल्यावर आठवलं की मी वर जिन्यानेच गेलो होतो. साहेब झोपले की श्वास चालू आहे ना ते बघतो, रडले की का रडले ते बघतो, आणि दोन्ही नसलं तर गप्प का आहेत ते बघतो. (आत्ताही जाऊन आलो. मूठ चोखत आहेत.)

कामावर माझ्या जोडीला एक जण आहे, त्याला आम्ही तज्ज्ञ म्हणतो. त्याचं लग्न झालेलं नाही आणि त्याला मूल नाही, त्यामुळे मुलांबद्दल त्याला सगळं माहीत असतं. त्याने सांगितलं, सुंता वगैरे काही नको, ती पुढची कातडी रोज मागे सरकवायची आणि साबणाने धुवायची. सरकली नाही तर जाम आहे असं समजायचं आणि मग कापायची. आमच्या धंद्यात जे सरकत नाही त्याला आधी तेल घालतात आणि मग हातोडी मारतात, त्यामुळे हे मला पटलं. (उंटावरच्या शहाण्याचं ऐकायला खाली एक गाढव लागतं, ते मी.) घरी जाऊन आंघोळीच्या वेळी साबणाचा हात पुढे नेला मात्र, साहेबांनी नेम धरून थेट माझ्या डोळ्यात धार सोडली. एक डोळा मिटून मी दुसऱ्याने बघितलं, तर कातडी जराही सरकायचं नाव घेत नव्हती. माझी पाचावर धारण बसली. जाम! म्हणजे कापायलाच हवं! हिने आतून विचारलं काय झालं, मी म्हटलं साबण गेला डोळ्यात, आणि तसाच कामावर निघून गेलो.

त्यानंतर जे झालं ते मी तुम्हालाच सांगतो आहे, आमच्या वरच्या साहेबांच्या कानावर गेलं तर माझी नोकरी जाईल. गावातल्या लहान मुलांच्या इस्पितळाची लिफ्ट आमच्याकडे आहे. ती दोन मजल्यांच्या मध्ये अडकली म्हणून निरोप आला. मी आणि तज्ज्ञ पळत गेलो. तज्ज्ञ वर मशीनच्या खोलीत गेला (ब्रेक सैल करून मोठं चाक हाताने फिरवलं की पाळणा, म्हणजे माणसं उभी राहतात ती लिफ्टची पेटी, हळूहळू मजल्यावर येतो), आणि मी मजल्याचा दरवाजा किल्लीने उघडून पालथा पडून खाली बघितलं. आत चादरींची ढकलगाडी घेऊन एक मावशी होती, आणि तिच्या शेजारी, गाडीला टेकून उभ्या, साक्षात डॉक्टरबाई. ज्यांच्याकडे सासऱ्यांनी दिवस घेतला आहे त्याच. ज्यांच्या दाराशी आईबाप तासन्‌तास बसतात आणि आत गेल्यावर ज्या दोन वाक्यं बोलून पुढच्याला हाक मारतात, त्या डॉक्टरबाई माझ्या नाकाखाली होत्या आणि त्यांना कुठेही जाता येत नव्हतं.

आमच्या कामाचा एक नियम आहे, अडकलेल्या माणसाला सतत बोलतं ठेवायचं, म्हणजे तो घाबरत नाही. डॉक्टरबाई मुळीच घाबरलेल्या नव्हत्या, पण नियम म्हणजे नियम. (दरवाजातून आत डोकं घालायचं नाही हाही नियमच आहे, पण तो मी त्या दिवशी पाळला नाही, आणि उसण भरली ती तिथे.) मी तज्ज्ञाला फोनवर सांगितलं, हळू फिरव, फार हळू. आणि खाली तोंड करून विचारलं, बाई, सुंता करावीच लागते का हो?

त्यांनी वर बघितलं. अडकलेल्या लिफ्टमध्ये आजवर त्यांना कुणी हे विचारलं नसावं. पण मुलांचा विषय निघाला की त्यांना राहवत नाही असं दिसलं. त्या म्हणाल्या, बहुतेक बाळांना करावी लागत नाही. केल्याने थोडे फायदे होतात, लघवीच्या जागेचा जंतुसंसर्ग जरा कमी होतो, मोठेपणी एकदोन आजारांचा धोका कमी होतो. पण फायदा छोटा आहे, आणि रोज पाण्याने धुणाऱ्या घरात तो आणखी छोटा होतो. धोकेही छोटेच, रक्त येतं, जखम चिघळते, क्वचित कातडी कमीजास्त कापली जाते. म्हणून ठरवायचं आईबापांनी. मी म्हटलं, पण आमच्या बाळाची जाम आहे! त्यांनी विचारलं, कुणी सांगितलं? मी वर बोट दाखवलं. त्या म्हणाल्या, त्या शहाण्याला सांगा, एवढ्या बाळाची चिकटलेलीच असते. आपोआप सुटते, कुणाची लवकर, कुणाची शाळेत गेल्यावर. तोवर जोर लावून मागे ओढायची नाही, ओढली तर जखम होते आणि मग खरोखरच जाम होते. वरून पाणी घालायचं आणि सोडून द्यायचं. मामा, माझ्या छातीवरचा पाळणा तिथेच अर्धा मजला खाली उतरला.

एव्हाना आजूबाजूला माणसं गोळा झाली होती. लेकरं कडेवर घेतलेल्या बाया, नळी लावलेला एक मुलगा आणि त्याची आजी, सगळे माझ्या पायांशी उभे राहून ऐकत होते, आणि मागून प्रश्न येऊ लागले ते मीच खाली पोचवत होतो. दुखतं का? दुखतं, डॉक्टरबाई म्हणाल्या, बाळाला काही कळत नाही म्हणणाऱ्याच्या बोटाला आधी टाचणी टोचा. जागा बधिर करूनच करायचं, आणि जो बधिर करणार नाही त्याच्याकडे जायचं नाही. नंतर काय? काही दिवस लाल दिसतं, वर पिवळसर पापुद्रा येतो, तो पू समजून खरवडायचा नाही, दुपटं चिकटू नये म्हणून मलम लावायचं. रक्त थांबलं नाही, ताप आला किंवा लघवी झाली नाही तर घरी बसून बघत राहायचं नाही, इथे यायचं. बाळ दिवसांआधी जन्मलेलं किंवा आजारी असेल तर करायचंच नाही. आणि लघवीचं भोक टोकाला नसून भलतीकडे असेल तर मुळीच नाही, कारण पुढे ते नीट करायला तीच कातडी लागते. मावशीने मध्येच सांगितलं, तिचे मुलगे तसेच वाढले, एकाला मात्र पुढे खरंच त्रास झाला आणि मोठेपणी भूल देऊन करावी लागली. डॉक्टरबाई म्हणाल्या, होय, तसंही होतं. मग त्यांनी मला विचारलं, तुम्हाला का करायची आहे? मी म्हटलं, सासऱ्यांच्या घरात सगळ्यांची झाली आहे. त्या म्हणाल्या, हेही कारण असू शकतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त तेच कारण आहे असं उघड म्हणा, त्याला औषधाचं लेबल लावू नका.

 पुढचे प्रश्न त्यांचे होते. त्यांनी विचारलं, घरात कुणाचं रक्त लवकर थांबत नाही असं आहे का? दात काढल्यावर, कापल्यावर? दोन्ही बाजूंचं सांगा. हिच्याकडच्या सगळ्या पुरुषांचं सुखरूप झालेलं आहे हे मी सांगितलं. माझ्या हाताला रोज काही ना काही लागतं, ते थांबतं, हेही सांगितलं. चांगलं आहे, त्या म्हणाल्या, पण तेवढ्यावर मी हत्यार उचलत नाही, तुमच्या आईकडचं सांगा. आणि मामा, मला तुमचा दात आठवला. मी फोनवर "थांब" म्हणून ओरडलो, तज्ज्ञाने ब्रेक लावला आणि मजल्यापासून हातभर अंतरावर डॉक्टरबाई पुन्हा लोंबकळत राहिल्या.

तुमच्या दाताची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. मी शाळेत होतो तेव्हा त्यात दोन टॉवेल भिजले होते. मी नोकरीला लागलो तेव्हा बादली आली. माझ्या लग्नात तुम्ही सासऱ्यांना सांगितलीत तेव्हा दाताचा डॉक्टर घेरी येऊन पडला होता आणि तुम्हीच त्याला पाणी पाजलं होतं, आणि मागच्या वेळी तर ती खुर्चीच भंगारात द्यावी लागली होती. आईला विचारावं तर ती म्हणते, "काही नाही, थेंबभर आलं आणि हा घरभर रडला." पण आईवर विसंबता येत नाही, तिच्या मते तिच्या माहेरी आजवर कुणाला साधी शिंकही आलेली नाही. म्हणजे थेंबभर आणि खुर्चीभर यांच्या मध्ये कुठेतरी खरं आहे, आणि ते मला ठाऊक नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, रक्ताची तपासणी करता येईल, पण काय शोधायचं ते कळायला आधी मामांना गाठा. ते कळल्याशिवाय मी बाळाला हात लावणार नाही. मग त्या म्हणाल्या, आता मला बाहेर काढता का? मी काढलं. बाहेर आल्यावर त्यांनी माझ्याकडे नीट बघून विचारलं, ही लिफ्ट नेहमी इतकी हळू येते? मी म्हटलं, सुरक्षेसाठी, बाई.

तर मामा, विनंती एवढीच. दात काढल्यावर रक्त नक्की किती वेळ आलं, टाके घालावे लागले का, एरवी कापलं तर चटकन थांबतं का, हे सविस्तर कळवावं. सासऱ्यांनी घेतलेला दिवस जवळ येतो आहे. मामींना नमस्कार, आईला फक्त "सगळे मजेत" एवढंच. तब्येतीला जपा.

तुमचा,
लिफ्टवाला भाचा

ता. क. खरं सांगायचं तर विनंती एवढीच नाही. मला ते नको आहे, मामा. धोका छोटा असेल, फायदाही असेल, शिकलेल्या हाताने होईल, सगळं खरं. पण त्या एवढ्याशा जिवाला काही झालेलं नसताना मी माझ्या हाताने नेऊन टेबलावर ठेवायचा, हे मला जमत नाही, आणि सासऱ्यांच्या तोंडावर नाही म्हणणंही जमत नाही. म्हणून तुमचं रक्त थोडंसंच आलं असेल तर कृपया मोठं करून लिहा. तुम्हाला ते जड नाही. खुर्चीवाली आवृत्ती चालेल, फक्त डॉक्टरच्या घेरीचं वगळा, ते पटत नाही. मी पत्र दुकानात दाखवीन आणि काम न बोलता होईल.

ता. क. मी पाकीट शोधायला गेलो आणि तेवढ्यात हिने हे सगळं वाचलं. वरची ता. क. सुद्धा. मी दारात उभा. हिने पत्राची घडी घातली आणि म्हणाली, "तू माझ्या बाबांना हो म्हणून आलास, मग मी कुणाच्या तोंडाने नाही म्हणू? मला वाटलं तुला हवंय." मी म्हटलं मला वाटलं तुला हवंय. मग ती रडली आणि मलाही रडू आलं, आणि साहेबांना वाटलं रडण्याचा कार्यक्रम आहे, तर तेही सामील झाले. डोळे पुसून ही म्हणाली, "मामांच्या दातामागे लपू नकोस. बाबांना तू सांग, आजच. मी येते बरोबर." पाकीट तसंच राहिलं. चपला घालतो आहे.

ता. क. जाऊन आलो. सासरे इस्त्री करत होते. मी जमिनीवरच उभं राहून सांगून टाकलं, की आम्हाला दोघांना नको आहे, चूक माझी, मी तेव्हाच बोलायला हवं होतं. त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली आणि बराच वेळ समोरच्या कापडावर हात फिरवत राहिले. मग हळूच म्हणाले, "माझ्या बापाचं झालं, माझं झालं. याचं नाही झालं तर हा आमच्यातला कसा राहील, एवढंच वाटत होतं मला."  ही म्हणाली, "बाबा, तुमचं नाक घेऊन आलाय तो. आता कुठे जातोय तुमच्यातून?" त्यांनी साहेबांना हातात घेतलं, ते नाक उजेडात धरून बघितलं, आणि मग हसले. "मोठा झाला की त्यालाच विचारू," म्हणाले, आणि त्यांनीच इस्पितळाला फोन करून दिवस रद्द केला. पण डॉक्टरबाईंनी त्यांच्याकडूनच मला निरोप दिला, दाताचं मात्र विचाराच. मूल आहे, उद्या पडेल, खरचटेल, त्याचेही दात पडतील, तेव्हा आम्हाला ठाऊक असायला हवं. म्हणून पत्र फाडलं नाही, पाठवतो आहे. पहिली ता. क. वाचली नाही असं समजा. तुमच्या सगळ्या आवृत्त्या मला तोंडपाठ आहेत आणि सगळ्या आवडतात, साहेब मोठे झाले की त्यांनाही बादली, घेरी, खुर्ची सगळं सांगा, मी मध्ये बोलणार नाही. पण या एकदाच, मामा, जेवढं सांडलं तेवढंच लिहा.